आवाजाच्या फेरफारास हरकत

लोकांच्या अंगवळणी पडलेली यंत्रमानवाची एखादी चित्रमालिका बऱ्याच वर्षांनी नवा साज चढवून पुन्हा पडद्यावर आणली गेली, म्हणजे तिचा पहिला भाग संपतो न संपतो तोच जो गिल्ला उठतो, त्याकडे प्रौढ आणि सुशिक्षित मनुष्य बहुधा थोड्या तुच्छतेनेच पाहतो. नायकाचा जबडा रुंद झाला, छातीवरचा तांबडा रंग फिका पडला, आवाज बदलला, असल्या कारणांवरून चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थांनी उसासे टाकावेत आणि शाळकरी पोरांनी ताटावरून उठावे, हे त्याला हास्यास्पद वाटते. आणि भाताचा भाव, घाटातील दरडी व येऊ घातलेल्या निवडणुका हे विषय समोर असताना वर्तमानपत्राने अशा प्रकरणास जागा का द्यावी, असेही तो विचारतो. त्याचा प्रश्न गैरवाजवी आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. तथापि या गिल्ल्याच्या मुळाशी एक रास्त तक्रार असते, आणि ती नीट ऐकून न घेताच दप्तरदाखल केली जाते, असे लेखकाचे मत आहे, व ते मांडण्यापुरतीच ही जागा तो मागत आहे.

घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या वैभववाडीसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला जमिनीच्या कागदांची भाषा मुद्दाम शिकावी लागत नाही, एस.टी. स्थानकावर, चहाच्या टपरीवर आणि तहसील कचेरीच्या पायरीवर ती आपोआप कानी पडते. तिचाच आधार घेऊन बोलावयाचे तर मालकी एकाची आणि वहिवाट दुसऱ्याची असणे ही कोकणात नवलाची गोष्ट नव्हे. सातबाऱ्यावर नाव मुंबईच्या चाकरमान्याचे असते आणि त्याच्या बांधावरून पिढ्यान् पिढ्या गुरे नेणारा भलताच कोणी असतो. म्हणूनच अधिकार अभिलेखात फेरफार करावयाचा झाल्यास, तो प्रमाणित होण्यापूर्वी चावडीवर नोटीस लागावी, हितसंबंधितांस इत्तला मिळावी आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असावी, असा दंडक सरकारने घालून दिला आहे. हरकत घेणारा प्रत्येक वेळी जिंकतो असे मुळीच नाही, किंबहुना बहुधा तो हरतोच. पण आपल्याला विचारले गेले एवढे समाधान घेऊन तो घरी जातो. चित्रमालिकेची मालकी निर्विवादपणे निर्मात्याची असते. वहिवाट मात्र रोज संध्याकाळी दप्तर कोपऱ्यात फेकून तिच्यापुढे बसणाऱ्या मुलांची असते, आणि त्यांच्या नावे नोटीस काढण्याची तसदी फार थोडे निर्माते घेतात.

उदाहरणादाखल डोरेमॉनचे प्रकरण घ्यावे. यंत्रमानव म्हटला की पोलादी छाती, ज्वाळा ओकणारे डोळे आणि नगरे तुडविणारे पाय असे काही डोळ्यांपुढे येते. परंतु आमच्याकडील मुलांना ज्याची सर्वांत निकटची ओळख आहे, तो यंत्रमानव म्हणजे निळ्या रंगाचा, गरगरीत पोटाचा, उंदराने कान कुरतडल्यामुळे उंदरालाच भिणारा एक बोका आहे. फुजिको एफ. फुजिओ या नावाने लिहिणाऱ्या हिरोशी फुजिमोतो या जपानी चित्रकाराने १९६९ च्या अखेरीस त्याला कागदावर आणले. कथेप्रमाणे त्याची जन्मतारीख ३ सप्टेंबर २११२ ही आहे. बाविसाव्या शतकातून तो मागे येतो, अभ्यासात कच्चा आणि रडण्यात पक्का अशा नोबिताच्या घरी मुक्काम करतो, आणि पोटावरच्या खिशातून नाना चमत्कारिक वस्तू काढून त्याची संकटे निवारतो, म्हणजे वस्तुतः वाढवितो.

या बोक्याला पडद्यावर पहिला आवाज मिळाला तो १९७३ च्या एप्रिलात, निप्पॉन टेलिव्हिजनवर. कोसेई तोमिता नावाच्या पुरुष नटाचा तो आवाज होता. मालिका अर्ध्यावर आली तेव्हा त्यांच्या जागी मासाको नोझावा या अभिनेत्री आल्या, आणि एकूण सहा महिन्यांतच मालिकेची निर्मितिसंस्था मोडीत निघाल्यामुळे ती बंद पडली. पुढे २ एप्रिल १९७९ रोजी टीव्ही आसाहीवर ती नव्याने सुरू झाली, तेव्हा नोबुयो ओयामा यांनी डोरेमॉनला आवाज दिला, आणि तो सव्वीस वर्षे दिला. जपानमधील एक अख्खी पिढी त्या किंचित घोगऱ्या, मायाळू आणि थोड्या वैतागलेल्या आवाजात वाढली. २००५ साली ओयामाबाई आणि त्यांच्याबरोबर नोबिता, शिझुका, जियान व सुनियो यांना आवाज देणारी बाकीची मंडळीही एकदमच निवृत्त झाली, आणि १५ एप्रिलला नवी चित्रे, नवे रंग आणि वासाबी मिझुता यांचा नवा आवाज घेऊन मालिकेचा नवा अवतार प्रकट झाला. गोष्टी त्याच होत्या, खिसाही तोच होता, चित्रे तर मूळ पुस्तकातील रेखाटनांच्या अधिक जवळची होती. तरीही जुन्या प्रेक्षकांची तक्रार बराच काळ चालली, आणि तिचा मथितार्थ एवढाच होता की हा डोरेमॉन असेल, पण तो आपला नव्हे.

येथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या आवाजासाठी हे सुतक पाळले गेले, तो मूळ आवाज नव्हताच. तो तिसरा होता. १९७३ च्या मालिकेवर जीव असलेल्या एखाद्या जपानी मुलाच्या लेखी १९७९ सालच्या ओयामाबाईच उपऱ्या ठरल्या असत्या. खुद्द फुजिमोतोंनी त्यांचे काम ऐकल्यावर, डोरेमॉनचा आवाज असा होता हे आपल्याला आता समजले, अशा आशयाचे उद्गार काढल्याची आठवण बाईंनी सांगून ठेवली आहे; म्हणजे ज्याने पात्र निर्माण केले त्यालाही पात्राचा आवाज ठाऊक नव्हता, आणि तो एका परक्या स्त्रीच्या कंठातून त्याला कळला. २०२४ च्या सप्टेंबरात ओयामाबाई नव्वदाव्या वर्षी वारल्या, तोवर त्यांच्या जागी आलेल्या मिझुताबाईंनाही जवळजवळ वीस वर्षे होत आली होती, आणि जी मुले त्यांच्या आवाजात वाढली ती आज बाळंतविडे खरेदी करीत असतील. वहिवाट ही अशी हळूहळू जमते. मात्र ती जमण्यापूर्वी जपानातील निर्मात्यांनी एक गोष्ट केली होती: बदल होणार, हे कित्येक महिने आधी जाहीर केले होते. लोक रुसले, पण फसविले गेलो असे कोणाला वाटण्याचे कारण राहिले नाही.

आता हेच प्रकरण आपल्या देशात कसे घडले ते पाहावे. डोरेमॉन हिंदीतून आपल्याकडे आला तो २००५ साली, आणि गंमत अशी की जपानात जी जुनी मालिका त्याच वर्षी निरोप घेत होती, तीच आपल्या मुलांना नवीन म्हणून दाखविण्यात आली. पुढे काही वर्षांनी नवी मालिकाही येथे आली. चित्रे बदलली, रंग बदलले, नोबिताच्या घराची मांडणीही जरा बदलली. जपानी प्रेक्षकांनी ज्या फरकावर एवढे रण माजविले होते, तो फरक भारतीय मुलांच्या डोळ्यांसमोरून गेला आणि त्यांनी हूं की चूं केले नाही. याचे कारण शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. हिंदीतील आवाज तोच राहिला होता. सोनल कौशल या कलावतीने वयाच्या तेराव्या वर्षी डोरेमॉनला हिंदी आवाज दिला आणि जवळपास एकोणीस वर्षे तो निभावला. २०२४ साली आपण हे काम थांबवीत असल्याचे त्यांनी स्वतःच जाहीर केले, तेव्हा मात्र चित्रात रेषेचाही बदल झालेला नसताना देशभरच्या तरुण मुलामुलींनी बालपण संपल्याचा शोक केला. म्हणजे जपानातील प्रेक्षक आणि आपल्याकडील प्रेक्षक यांच्या वर्तनात जी विसंगती दिसते ती वरवरची आहे. दोघांनीही चित्रावर नव्हे, आवाजावर हक्क सांगितला. आमच्या शेजारच्या घरातील तिसरीत शिकणाऱ्या मुलाने, त्याला या कशाचीच वार्ता नसताना, एका संध्याकाळी आजीला सांगितले की, "आज्ये, ह्यो तो न्हय." आजीने पडद्याकडे नीट पाहून तो तोच असल्याचा निर्वाळा दिला. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते.

दूर अमेरिकेत 'ट्रान्स्फॉर्मर्स' या यंत्रमानवांच्या मालिकेचा इतिहास हा तर अशा हरकतींचा एक जाडजूड खलिताच आहे. १९८४ साली, जपानी खेळणी अमेरिकेत खपावीत या उघड हेतूने ती निघाली. तिचा नायक ऑप्टिमस प्राइम हा लाल मालमोटारीचे रूप घेणारा यंत्रमानव, आणि त्याला पीटर कुलन या नटाने जो धीरगंभीर आवाज दिला, त्यामागे सैन्यातून परतलेल्या आपल्या थोरल्या भावाचे बोलणे होते. दोन वर्षांनी ही खेळणी विकणाऱ्या कंपनीला जुनी खेळणी मागे घेऊन नवी बाजारात आणावयाची होती, म्हणून १९८६ च्या चित्रपटात तिने या नायकाला सरळ मारून टाकले. कोठारातील माल बदलावा इतक्या निर्विकारपणे तो निर्णय झाला होता. परंतु चित्रपटगृहांत मुले हुंदके देऊन रडली, पालकांची पत्रे आली, आणि १९८७ साली नायकाला पुन्हा जिवंत करणे कंपनीस भाग पडले. इतकेच नव्हे, तर त्याच कंपनीच्या खेळण्यांवर बेतलेल्या दुसऱ्या एका चित्रपटात ड्यूक नावाच्या सैनिकाचे मरण चित्रित होऊन गेले होते, ते तसेच ठेवून केवळ संवादात, तो मूर्च्छित आहे, असे घुसडण्यात आले. डोळ्यांना मरण दिसत असताना कानांनी ऐकलेल्या एका वाक्यावर मुलांनी विश्वास ठेवावा, अशी त्या व्यवहारचतुर मंडळींची खात्री होती, आणि आवाजाच्या सामर्थ्याची याहून बोलकी साक्ष मला तरी ठाऊक नाही.

१९९६ साली याच घराण्यातून 'बीस्ट वॉर्स' ही मालिका निघाली, आणि तिचा नायक मालमोटारीऐवजी गोरिला झाला. ट्रक हवा, माकड नको, अशी घोषणाच त्या वेळी जुन्या भक्तांनी केली होती. परंतु मालिकेने नायकाचे नावही बदलून ऑप्टिमस प्रायमल असे ठेवले होते. हा जुन्या नायकाचा तोतया नसून त्याच्या पुढच्या काळातील कोणी वेगळाच आहे, हे तिने कबूल केले होते. परिणामी घोषणा विरली, आणि आज त्या घराण्यातील उत्तम कथानक म्हणून त्याच मालिकेचा उल्लेख होतो. उलट २००७ च्या चित्रपटात नायकाची मालमोटार बदलली, तिच्या अंगावर ज्वाळांची नक्षी रंगविली गेली, आणि भक्तांनी त्या ज्वाळांवर पुष्कळ आग पाखडली. पण आवाजासाठी कुलन यांनाच बोलाविले आहे असे कळल्यावर पुष्कळांचा राग निवला. त्याच वर्षअखेरीस लहान मुलांसाठी निघालेल्या नव्या चित्रमालिकेतील प्रचंड हनुवट्यांवरही असाच दंगा झाला, आणि तोही ओसरला.

आमच्या जिल्ह्यातील प्रेक्षक या बाबतीत अनाडी नाही, उलट चांगला मुरलेला आहे. कारण दशावतार पाहत तो म्हातारा झालेला असतो. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मंडळांचे पेटारे गावोगाव हिंडू लागतात, आणि देवळासमोरच्या मांडावर पायपेटी, मृदंग व झांज यांच्या गजरात मध्यरात्रीनंतर तोच गणपती, तोच वेद पळविणारा आणि मालवणीत प्रेक्षकांची फिरकी घेणारा संकासुर, आणि पुढे आख्यानातील तेच राजे, ऋषी व राक्षस पुन्हा उभे राहतात. लिखित संहिता नाही. संवाद नटाने जागच्या जागी रचावयाचा. म्हणजे येथे प्रत्येक रात्र ही एक नवी आवृत्ती असते, आणि प्रत्येक प्रेक्षक हा परीक्षक. बाबी कलिंगण यांचे चिरंजीव सुधीर कलिंगण, ज्यांना लोकांनी प्रेमाने लोकराजा म्हटले, ते २०२२ साली गेले, तेव्हा राजाचे पात्र काही रंगभूमीवरून नाहीसे झाले नाही. इतर नट ते करीतच होते व करीतच आहेत. तरी खांबाला टेकून बसलेला प्रेक्षक अजूनही डोळे मिटून ऐकतो आणि मनाशी तुलना करतो. धूर, उजेड व दोऱ्यांवरून उडणारे देव यांनी सजलेल्या ट्रिकसीनच्या नाटकांवर जुन्या मंडळींचा रोष आहे, आणि त्यातील थोडा रोष मलाही मान्य आहे, कारण धुरात पहिला बळी जातो तो बोलण्याचा. पण कोणा नटाने फसविल्याची तक्रार मी मांडावर ऐकलेली नाही. आज कोणते मंडळ आहे, नाटक कोणते आहे, आणि राजा कोण करणार आहे, हे नाक्यावरच्या फलकावर आधीच लिहिलेले असते. ज्याला नको त्याने दुसऱ्या जत्रेला जावे.

मराठी संगीत नाटकानेही हा फेरफार एकदा फार सुरेख रीतीने करून दाखविला आहे. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या 'कट्यार काळजात घुसली'मधील खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे, हे समीकरण इतके घट्ट होते की त्या नाटकाला पुन्हा हात लावणे हेच धाडस होते. ते धाडस त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी केले, आणि २०१५ च्या चित्रपटात खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकरांचा असला तरी गळा राहुल देशपांडे यांचाच ठेवण्यात आला. चेहऱ्याचा वारसा कोणालाही द्यावा, गळ्याचा वारसा घराण्यात राहावा, हे ज्याला सुचले त्याला प्रेक्षकाची नस सापडली होती. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७ साली चित्रपटात मोठा होऊन आला, तेव्हा अमेय वाघ यांचा तरुण फेणे अनेकांना आवडला, आणि पुस्तकातील चुणचुणीत पोर हरवल्याची हळहळही अनेकांना वाटली. त्याचा तो सुप्रसिद्ध 'ट्टॉक्' मात्र प्रत्येक वाचकाने आपापल्या जिभेने आधीच वाजवून ठेवलेला होता, आणि त्याच्याशी स्पर्धा करणे कोणत्याही ध्वनियोजकाला अशक्यच होते.

या सर्व हरकतदारांत एक भेद मात्र करावयास हवा. चाळिशीतील जे गृहस्थ आपल्या बालपणीच्या यंत्रमानवाचा कैवार घेऊन नव्या निर्मात्यांना, चित्रकारांना आणि नटांना अर्वाच्य बोलतात, त्यांची हरकत नोंदवून घ्यावी आणि फेटाळावी. त्यांची वहिवाट केव्हाच सुटली आहे. ती वाट आता दुसऱ्यांच्या पायाखाली आहे. सात वर्षांच्या मुलाला १९७९ किंवा १९८४ ठाऊक नसते, आणि त्याच्यासाठी काढलेल्या मालिकेवर त्याच्या बापाने आपल्या स्मृतीचा बोजा चढवावा हे मला अन्यायाचे वाटते. हरकत ऐकावयाची ती त्या मुलाची, कारण आजचा ताबा त्याचा आहे. आणि त्याच्या बाबतीत तर बदल पडद्यावर कोणी जाहीरही करीत नाही. आदल्या आठवड्यात एका आवाजात बोलणारा सोबती पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच आवाजात बोलू लागतो, नाव तेच असते, चेहरा तोच असतो, आणि घरातील मोठी माणसे शपथेवर सांगतात की काही बदललेले नाही.

या तक्रारीतील एक गोष्ट आम्हा मराठी माणसांना अधिक अस्वस्थ करणारी असावयास हवी, आणि तिची चर्चा या निमित्ताने कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. २०१३ साली बांगलादेशाच्या सरकारने हिंदीतून दाखविल्या जाणाऱ्या डोरेमॉनवर बंदी घातली; मुले बंगालीऐवजी हिंदी बोलू लागली, हे तिचे प्रमुख कारण होते. बंदी हा उपाय मला पसंत नाही, आणि हिंदीशी माझे वैरही नाही. पण कारणाचा प्रत्यय घेण्यास वैभववाडीहून ढाक्याला जाण्याची गरज नाही. शेजारचा तो मुलगा आजीशी मालवणीत बोलतो, शाळेत पुस्तकी मराठीत उत्तरे देतो, आणि अंगणात एकटा खेळताना खिशातून काल्पनिक वस्तू काढून दाखवितो तो अस्खलित हिंदीत. गणपतीला मुंबईहून येणारी त्याची चुलत भावंडेही त्या खेळात त्याच भाषेने सामील होतात. त्याच्या कल्पनासृष्टीची भाषा ठरली ती कोणत्याही शासकीय परिपत्रकाने नव्हे, अंधेरी-गोरेगावच्या ध्वनिमुद्रणशाळांतून, आणि त्या शाळांत माईकपुढे उभे राहून हिंदी बोलणाऱ्या कलावंतांत मराठी माणसे थोडीथोडकी नाहीत. अलीकडे काही वाहिन्यांनी मराठी आवाजाची सोय केली आहे, हे मान्य. परंतु ती बहुधा पाठ्यपुस्तकाच्या स्वच्छ, कोरड्या मराठीत असते, आणि पोरांना ती मास्तरांची वाटते. संकासुराला बोलविणाऱ्या या जिल्ह्यातून एखादा नट नेऊन त्याला निळ्या बोक्यापुढे उभे करावे, असे कोणाच्या मनात आले आहे काय?

ते होईल तेव्हा होवो. तूर्त एक लहानशी मागणी, जिला कायद्याची, अनुदानाची किंवा आंदोलनाची आवश्यकता नाही. एखाद्या मालिकेचे रूप किंवा आवाज बदलावयाचा असेल, तर तो ज्या दिवशी बदलणार त्याच्या किमान पंधरा दिवस आधीपासून, रोजच्या भागाच्या आरंभी, मुलांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत आणि इतर भाषांबरोबर मराठीतही, जाणाऱ्या कलावंताचे नाव, येणाऱ्या कलावंताचे नाव आणि बदलाची तारीख या तीन गोष्टी दाखवाव्यात. जमल्यास जुन्या आवाजाने नव्या आवाजाची ओळख करून द्यावी. साबणाच्या जाहिरातींना दर दहा मिनिटांनी जागा काढणाऱ्या वाहिन्यांना एवढ्या मजकुरासाठी किती सेकंद खर्ची घालावे लागतील, हे त्यांनीच हिशेब करून सांगावे.